अण्णांची चकोर

अण्णांना कोणतीही वस्तू नुसती बघून कळत नसे, ती वाजवून बघावी लागे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी फाटकाची कडी वाजवली नाही, फाटकच वाजवलं. मधल्या बोटाचं पेर लोखंडी पट्टीवर दोनदा आपटलं, मान तिरकी करून ऐकलं आणि आत येत म्हणाले, "बाई, तुमचं फाटक काळी दोनमदी हाय. चांगलं हाय." पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून सूर सांगायचा, ही वाजवणाऱ्या लोकांची रीत. गाणारी पांढरी चारमध्ये गाते, तबला काळी एकला लावला आहे, असं ते बोलतात. अण्णांनी ही रीत सगळ्या जगाला लावून ठेवली होती. माझं दुधाचं पातेलं, तुमच्या आजोबांची लोखंडी खुर्ची, बाजारातलं कलिंगड, एस.टी.चा पत्रा, सगळ्यांच्या पट्ट्या त्यांना पाठ होत्या. नारायणगावात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. टकटक अण्णा म्हटलं की कुणीही घर दाखवत असे.

परवा फोनवर तुम्हा नातवंडांकडून, नवी गिटार घेण्याआधी इंटरनेटवर वीस जणांची मतं वाचल्याचं ऐकलं, तेव्हापासून अण्णा डोक्यातून जात नाहीत. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गिटार पारखणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला, आणि तोही फोनवर सांगण्याजोगा नाही; फोनवर मी भरकटते आणि तुम्हाला शाळेची घाई असते. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा.

नारायणगाव हे तमाशाच्या फडांचं गाव आहे, हे तुमच्या आईनं सांगितलं असेल. चैत्रातल्या जत्रांसाठी गावोगावची मंडळी इथे येऊन तमाशा ठरवून जातात. उन्हाळ्याच्या शेवटी फडातले बहुतेक लोक आपापल्या घरी पांगतात आणि दसऱ्याला निघणाऱ्या दौऱ्याच्या तालमींसाठी श्रावणाच्या सुमारास परत गोळा होतात. आमच्या मागच्या आळीत एका फडानं तालमींसाठी चार खोल्या घेतल्या होत्या. मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. दुपारी पेपर तपासायला बसलं की ढोलकी सुरू. एकदा मी एक चिठ्ठी लिहून पाठवली की तीन ते पाच या वेळेत कृपया वाद्ये बंद ठेवावीत. खाली सही, तारीख. ती चिठ्ठी हातात घेऊनच अण्णा आले होते.

फाटकाची पट्टी सांगून झाल्यावर ते पायरीवर बसले. मी म्हटलं, खुर्चीवर बसा. ते नको म्हणाले, आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाले, "अक्षर लई सुंदर हाय. दोनदा वाचलं. तेवढा वेळ आमी काय वाजवलं न्हाई बगा." मी इतकी वर्षं मुलांना दरडावत आले, पण त्या वाक्यावर उठून आत गेले. मी चहा ठेवला. त्या दिवसापासून तीन ते पाच तालीम होत नसे आणि बहुतेक दुपारी अण्णा आमच्या पायरीवर असत.

माणूस आडदांड होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यावं लागे त्यांना. फडात ते गिटार वाजवत, आणि ती गिटार मात्र इवलीशी. पैलवानानं तान्हं मूल घ्यावं तशी ते ती मांडीवर घेत. नवीन माणूस हसायचाच. त्यामागचं कारण त्यांनी मला फार दिवसांनी सांगितलं. विशीत असताना ट्रकचा फाळका त्यांच्या डाव्या हातावर पडला होता. हाड बसवलं कुणीतरी, पण करंगळीशेजारचं बोट कायमचं ताठ राहिलं. ते वाकायचं थोडं, फाकायचं मात्र नाही. नेहमीच्या गिटारीच्या मानेवर ते बोट चौथ्या आडव्या पितळी पट्टीपर्यंत पोचेना. वाजवणं सुटलंच होतं. मग कुणीतरी त्यांच्या हातात चकोर दिली.

चकोर हे मॉडेलचं नाव. कलकत्त्याच्या एका कारखान्यानं शाळकरी मुलांसाठी ही छोटी इलेक्ट्रिक गिटार काढली होती, अंगावर पांढरा चकोर पक्षी रंगवलेला. मान अरुंद, पट्ट्या जवळजवळ. मुलांना ती आवडली नाही. मुलांना मोठ्यांसारखी गिटार हवी असते. काही वर्षांत कारखान्यानं मॉडेल बंद केलं. पण अण्णांचं बोट त्या मानेवर जिथे पोचायला हवं तिथे पोचत होतं. "मोठ्या गिटारी मोठ्या लोकांना," ते म्हणत. "आमचं बोट जितवर जातं तितवर आमचं गाणं."

ते गाणं थोडंच असे. लावणीची एक ओळ संपली की गाणारी बाई श्वास घेते, तेवढ्या फटीत ते तीन-चार सूर टाकत. "बाईनं विचारायचं, आमी उत्तर द्यायचं. जास्ती बोलायचं न्हाई." त्या तीन-चार सुरांवर शिट्ट्या पडतात असं मी लोकांकडून ऐकलं. मी स्वतः त्यांचा खेळ कधी पाहिला नाही. आमच्या घरातल्या बायका तमाशाला जात नसत, आणि मीही कधी तो हट्ट धरला नाही. मी अण्णांना ऐकलं ते मागच्या आळीच्या भिंतीतून, पेपर तपासताना. याचं मला आता वाईट वाटतं, पण आता वाटून उपयोग नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं चालली होती. दौरा आटोपून फड परत येत असताना, सामानाच्या ट्रकमध्ये बॅटऱ्यांची पेटी सरकून चकोरवर आली. मान बुंध्याशी मोडली. इथल्या सुतारानं ती डिंकानं चिकटवून मागून लोखंडी पट्टी ठोकून दिली. दिसायला बरी झाली. पण दुसऱ्या गाण्यापर्यंत तारा उतरायच्या. अण्णा माझ्या पायरीवर बसून ती सुरात लावत आणि चहा संपेपर्यंत ती पुन्हा खाली आलेली असे. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. ते पुन्हा खुंटी पिळत.

एके दुपारी फडाच्या मालकीणबाई स्वतः माझ्याकडे आल्या. करारी बाई, पण त्या दिवशी पदर सारखा करत बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. की-बोर्डवाला एक बटण दाबतो आणि गिटारीचा आवाज काढतो. बाकीचे फड तेच करताहेत. ट्रकमध्ये जागा कमी, पोटं जास्त. तरी अण्णा जुना माणूस. दसऱ्याला नारळ फुटायच्या आत सुरात राहणारी गिटार आली तर अण्णांची जागा अण्णांची. "नायतर माझा नाइलाज हाय, बाई. तुमाला विंग्रजी येतं. त्यांना ती गिटार मिळवून द्या. मला त्यांच्या तोंडावर नाय म्हनायची पाळी आनू नका."

दसऱ्याला तीन महिने होते.

मी कामाला लागले. तुम्हाला माझी सवय माहीत आहे: निळ्या पाठीची फाईल, प्रत्येक पत्राची कार्बन प्रत, गेल्याची तारीख, आल्याची तारीख. तुमचे आजोबा या फाईलला माझं शोधखातं म्हणत आणि रोज संध्याकाळी गंभीर चेहऱ्यानं विचारत की फरारी सापडला का. पहिलं पत्र कलकत्त्याच्या कारखान्याला. दुसरं, तिसरं मुंबईच्या वाद्यांच्या दुकानांना, चौथं पुण्याच्या. एक गोव्याला, कारण तिथे घरोघर गिटार असते असं आजोबांचं मत होतं. अण्णांनी आपल्या बाजूनं ओझरच्या गणपतीला जाऊन यायला सुरुवात केली. नवस वगैरे बोलले नाहीत. देवाला म्हणे एवढंच सांगितलं की बाईंनी पत्रं टाकली आहेत, पत्ते बरोबर असू द्या.

कारखान्याचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. चार ओळींचं, टाईप केलेलं. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, नग शिल्लक नाही, साचेही नाहीत, आम्हाला खेद आहे. मी आधी इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून सांगितलं. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की खेद आहे म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, त्यांना वाईट वाटतंय. "कुनाला वाटतंय? नाव हाय का खाली?" मी पाहिलं. नाव नव्हतं, रबरी शिक्का होता. "मग शिक्क्याला वाटत आसंल," अण्णा म्हणाले आणि कपबशी विसळायला उठले.

मुंबईच्या एका दुकानानं लिहिलं की अशी गिटार त्यांनी कधी विकली नाही. दुसऱ्यानं उत्तर पाठवलं नाही. गोव्याहून एका भल्या माणसानं चार पानी पत्र लिहून आपल्याकडच्या दुसऱ्याच एका गिटारीचं वर्णन केलं. पुण्याच्या एका दुकानातून मात्र निरोप आला की चकोर आहे, येऊन बघा. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि अण्णा एस.टी.नं पुण्याला गेलो.

अण्णा गिटार कशी बघत ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून खाली बघायचं, गवंडी भिंतीचा ओळंबा बघतो तसं. मग खिशातून एक काळा दोरा काढायचा. त्या दोऱ्याला गाठी होत्या. त्यांच्या जुन्या चकोरवरच्या प्रत्येक पितळी पट्टीला एक गाठ. दोरा मानेवर ताणून धरला की सगळ्या गाठी सगळ्या पट्ट्यांवर यायला हव्यात. मग अंगावर टकटक. आणि सगळ्यात शेवटी ते ताठ बोट. पुण्याच्या गिटारीवर चकोर पक्षी होता, रंगही तोच होता, पण तिसऱ्याच गाठीला दोरा पट्टीच्या पुढे गेला. कुणीतरी जुन्या अंगाला नवी मान बसवली होती. दुकानदार म्हणाला, अहो काका, दोन मिलिमीटरनं काय होतंय? अण्णा दोरा गुंडाळत म्हणाले, "तुमाला काय होत न्हाई." त्यात राग नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांनी मला पुण्यातल्या तीन वेगवेगळ्या घंटांच्या पट्ट्या सांगितल्या. मी ऐकून घेतल्या. दसऱ्याला पाच आठवडे राहिले होते.

शेवटी पत्ता लागला तो मंचरच्या भांड्यांच्या शेठकडून, आणि त्यात माझ्या फाईलचा काहीही हात नव्हता. शेठ जैन, मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या मंचरला असल्यामुळे आपल्यासारखंच मराठी बोलणारे. त्यांच्याकडे देवळांच्या घंटा आल्या की ते अण्णांना बोलावून निवडून घेत. चिरकी घंटा अण्णा लांबूनच ओळखत. त्यांचा आमच्याकडे फोन आला. ते एका लग्नाची भांडी पोचवायला निमगाव सावाला गेले होते. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी देवांशेजारी, हार घातलेली, एक लहान गिटार त्यांनी पाहिली होती. अंगावर पांढरा पक्षी. "अण्णांना सांगा, मी दोऱ्यानं मोजली नाही, पण मोठ्या माणसाची नाही ती," शेठ म्हणाले.

पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत नवी वस्तू घ्यायची नाही, हे अण्णांनाही माहीत होतं आणि मलाही. अण्णांचं म्हणणं पडलं की घ्यायची नाही खरी, पण बघायला कुणाची मनाई आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो.

घर नीटनेटकं होतं. पुढे कांद्याची चाळ, मागे ऊस. म्हाताऱ्या नवराबायकोखेरीज घरात कुणी नव्हतं. बाईंना सगळे नानी म्हणत. त्यांचा मुलगा पुण्यात एका ऑर्केस्ट्रात वाजवत असे. आजारपणात गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. त्याची ही गिटार. लहानपणी हट्ट करून घ्यायला लावली आणि मोठेपणीही तीच वाजवत राहिला, असं त्याचे वडील म्हणाले. अण्णांनी आपली अडचण सांगितली. बोट दाखवलं. दसऱ्याचं सांगितलं. नानींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग नानी उठल्या, गिटारीचा हार काढून देवापुढे ठेवला आणि गिटार दोन्ही हातांनी अण्णांना दिली.

"वाजती का बगा," त्या म्हणाल्या. "वाजत आसंल तर घेऊन जावा. पंधरवडा झाला की न्या. घरात नुसती बसून काय करंल ती."

गिटार चकाकत होती. लाकडावर धुळीचा कण नव्हता. मला वाटलं, संपलं आमचं काम. अण्णांनी दोरा काढला. पहिली गाठ पट्टीवर आली. दुसरी आली. मी प्रत्येक गाठ बघत होते. शेवटच्या गाठीपर्यंत सगळ्या बरोबर आल्या. मग त्यांनी एक डोळा मिटला आणि मानेवरून पाहिलं. फार वेळ पाहिलं.

नानी कौतुकानं सांगत होत्या. दर वर्षी खंडेनवमीला घरात सगळ्या अवजारांची पूजा असते. नांगर, कोयते, विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर. "त्यांच्याबरूबर हिची बी करते. त्यांच्यावर नुसतं पानी शिपडते, हिला मातर पुरी आंघूळ. आदी दूध, मग दही, मग ऊन पानी. मग खोबरेल चोळते. त्याला लहानपनी घालायचे तशीच."

मी अण्णांच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी एक बटण हळूच फिरवलं. त्याच्या कडेनं हिरवी पूड निघाली, ती त्यांनी अंगठ्यानं पुसून घेतली. पाठीमागे दोन फळ्यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट होती, तिच्यावर त्यांनी तळवा ठेवला. मान मला आता नीट दिसली. ती पुढे वाकली होतीच, शिवाय एका अंगाला पिळली होती. आठ वर्षांच्या आठ आंघोळी.

अण्णांनी गिटार मांडीवर घेतली. डावा हात मानेवर ठेवला, बोटं फाकवली. ते ताठ बोट चौथ्या पट्टीवर अगदी हवं तिथे बसलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी हात उचलला.

"नानी, ही मला मोठी पडती," अण्णा म्हणाले. "बोट पोचत न्हाई माजं."

नानींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा बघा. अण्णांनी पुन्हा एकदा हात ठेवल्यासारखं केलं आणि मान हलवली. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. जन्मभर मुलांच्या वह्यांत चुकीला चूक म्हणत आले होते मी. शिवाय न सांगितलं तर दहा-बारा दिवसांनी खंडेनवमी, आणि पुन्हा दूध, दही, पाणी. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णाच बोलायला लागले. म्हणाले, आता लाकडाचं वय झालं, यंदापासून पाणी नका घालू. माणसासारखंच असतं, थंडी बाधते. कोरड्या फडक्यानं पुसा आणि फूल ठेवा, पुरे.

नानी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "माजं काय चुकलं का, भाऊ?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "इतकी निगा मी बी केली नसती."

त्यांनी गिटार जागेवर ठेवली आणि हार परत घातला. नानींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी होती. अण्णा पोटभर जेवले.

एस.टी.त मी त्यांना विचारलं की चांगल्या कारागिराकडून मान सरळ करता येणार नाही का. तळलेला पापड सरळ करता येतो का, असं त्यांनीच मला विचारलं. मी थोडी चिडले होते, कुणावर ते मलाच सांगता आलं नसतं. मी म्हटलं, तरी खरं सांगायला हवं होतं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "सांगून कुनाची गिटार वाजली आसती, बाई?"

त्यानंतरच्या दिवसांत मी आणखी सहा पत्रं टाकली. त्यांतल्या एकाचंही उत्तर दसऱ्याआधी आलं नाही. काही नंतर आली, काही आलीच नाहीत. मी शाळेत जात होते, शिकवत होते, संध्याकाळी पोस्टमनची वाट बघत होते. अण्णा पायरीवर बसून जुनी गिटार लावत होते आणि ती उतरत होती. दोघांनाही करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दसऱ्याला फडाचा नारळ फुटला. अण्णा गेले होते. मालकीणबाईंनी त्यांना तंबूच्या दारावर उभं राहायचं काम देऊ केलं, अगदी हात धरून सांगितलं, असं अण्णांनीच मला सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. आतून उत्तराची फट ऐकू येणार, आणि आपण दारात तिकिटं फाडत उभे, हे काही त्यांना जमलं नसतं. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नाही, मी समजले. त्यांनी ट्रकमध्ये सामान चढवायला मदत केली. ट्रक गेल्यावर ते आपली पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या वाटेवर त्यांचं गाव. तिकडे जाणार होते, मेहुण्याचं देवळाजवळ बेल-फुलांचं दुकान होतं. मोडकी चकोर त्यांनी फडातच, सामानाच्या खोलीत ठेवून दिली होती.

"एक शेवटचं पत्र लिवा," ते म्हणाले. "कलकत्त्याला."

मी म्हटलं, अण्णा, त्यांच्याकडे नाही गिटार. ते म्हणाले, मागायचं काही नाही, कळवायचं आहे. मी कागद घेतला. ते पायरीवर बसून सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तुमचं चकोर मॉडेल मी बावीस वर्षं वाजवलं. उन्हात, थंडीत, ट्रकमध्ये. बावीस वर्षांत मान हलली नाही. पट्ट्या शेवटपर्यंत खऱ्या बोलल्या. वरच्या सुरांना आवाज जरा पातळ होतो, पण तो दोष मी सांभाळून घेतला. मोडली ती आमच्या चुकीनं. बंद का केलंत ते तुमचं तुम्ही जाणा, मॉडेलमध्ये खोट नव्हती. तुमच्याकडे माना घडवणारा जो कोणी कारागीर असेल, त्याला हे वाचून दाखवा.

मी त्याचं इंग्रजी केलं. अण्णांनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. एक शब्द त्यांना समजत नव्हता. संपल्यावर म्हणाले, "विंग्रजीत लई थोडं झालं." मग मराठीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मी पत्र रजिस्टर केलं.

दीड महिन्यानं ते परत आलं. पाकिटावर पोस्टाचा शेरा होता: कारखाना बंद, पत्त्यावर कोणी नाही. मी ते न उघडता फाईलला लावलं. अण्णांचा तिकडचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी मी काय लिहिलं असतं ते सांगता येत नाही.

आमची शेवटची भेट त्यानंतर दोनेक वर्षांनी झाली. कार्तिकात आजोबा आणि मी भीमाशंकरला गेलो होतो. दुकान शोधावं लागलं नाही, एवढा माणूस एवढ्याशा टपरीत लांबूनच दिसला. ते वाळले होते. मेहुणे गिऱ्हाईक बघत होते आणि अण्णा फुलं पुड्यांत बांधत होते. त्यांनी मला बसायला खोकं दिलं, तुमच्या आईचं विचारलं, शाळेचं विचारलं. फडाचं काही बोलले नाहीत, मीही काढलं नाही. निघताना त्यांनी बेलाची पुडी माझ्या हातात ठेवली आणि आवाज खाली करून विचारलं,

"पोचलं का वो पत्र?"

"पोचलं," मी म्हणाले.

ते थांबले, मी आणखी काही सांगेन म्हणून. मग मान हलवली आणि आजोबांना म्हणाले की आज रांग मोठी आहे, बाईंना फार वेळ उभं करू नका. आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरायला लागलो. खाली पोचल्यावर आजोबांनी बेलाची पुडी माझ्या हातातून घेतली आणि मला कडेला बसवून स्वतः रांगेत उभे राहिले. परत आलेलं ते पाकीट पोस्टमनकडून सही करून त्यांनीच घेतलं होतं.